फ्लेक्सवर सिद्धरामेश्वर पासपोर्ट साईज

लै दिवस डोक्यात होतं, आज टाकतोच. लांब आहे, कंटाळा येणाऱ्यांनी लाईक ठोकून पुढं निघावं.

भोगीला आपल्या सोलापुरात, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळ्याला, म्हणजे देवाच्या लग्नाला उभा होतो. पांढऱ्या बाराबंदीतली पोरं, सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, आणि एकदा का 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' झालं की अंगावर काटा येतोच, दरवर्षी येतो, म्हणजे मी काय नास्तिक-बिस्तिक नाही हे आधीच सांगून ठेवतो. शेवटचे दोन नंदीध्वज मातंग समाजाच्या मानाचे, पुण्या-मुंबईच्या मित्रांना सांगितलं तर पटत नाही त्यांना. पण घरी परतताना रस्त्याच्या दोन्ही अंगाला फ्लेक्स. वर कोपऱ्यात सिद्धरामेश्वर, मधी साहेब हात जोडून, खाली गॉगल लावलेले पंधरा-वीस शुभेच्छुक. पक्ष कुठलाबी घ्या, डिझाईन तेच.

आता यावर आपले शिकलेले लोक म्हणतात धर्म आणि राजकारण वेगळं ठेवा. मला नाही पटत. आपल्या भागात ते वेगळं होतं कधी? बसवेश्वर इथं मंगळवेढ्याला बिज्जळ राजाच्या चाकरीत होते, पुढं कर्नाटकातल्या कल्याणला प्रधान झाले. शरणांनी, म्हणजे त्यांच्या मागं चालणाऱ्यांनी, हरळय्याच्या पोराचं आणि मधुवरसाच्या पोरीचं लग्न लावलं, एक चांभाराचं घर, एक ब्राह्मणाचं, आणि राजानं दोन्ही बापांना ठार मारलं. ते लग्न धर्म होतं का राजकारण? दोन्ही होतं की. आणि आपल्या सिद्धरामेश्वरांनी काय केलं, तर तळं खोदलं. लोकांना पाणी. आज त्याच तळ्याच्या गावात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं आणि आपण त्याच तळ्याकाठी साहेबांच्या फ्लेक्सखाली सेल्फी काढलालाव.

माझा मुद्दा एवढाच आहे की देवळात आपण हात जोडतो आणि मतदार म्हणून आपल्याला हात वर करून विचारायचं असतं, की बाबा पाणी कुठाय, गिरण्या बंद पडल्या त्या जागी काय आणलं, पोरं पुण्याला का पळतात. ही दोन कामं एकाच माणसापुढं करता येत नाहीत. २०१९ ला आपल्याकडनं एक महास्वामी खासदार झाले. नागरिक आहेत, उभं राहायचा हक्क आहेच, त्यात माझी तक्रार नाही. पण आमच्या घरात तेव्हा आईला म्हणलं, अगं खासदाराला जाब विचारायला पाहिजे, तर म्हणाली, "स्वामींना काय विचारतो रे, पाया पड." इथं गाडी अडकते बघा. आणि दुसऱ्या बाजूचेबी काय धुतल्या तांदळाचे नाहीत, इलेक्शन आलं की दर्ग्यावर चादर, मठात फळं, विहारात मेणबत्ती, कॅमेरामन सगळीकडं तोच.

कायदा आहे बरं का. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२३(३), धर्माच्या, जातीच्या, भाषेच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात जजांनी ४-३ नं सांगितलं की उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्म काढून मत मागितलं तरी तेच. पण फ्लेक्सवर मत मागितलेलंच नसतं ना, नुसत्या शुभेच्छा असतात! तिथं कायदा काय करणार.

आणि गड्ड्याच्या, म्हणजे याच यात्रेच्या दिवसांत १२ जानेवारी येते. १९३१ ला इंग्रजांनी येरवड्यात आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, कुर्बान हुसेन. नावं सावकाश वाचा. चौकात पुतळे आहेत, हार पडतो, अर्ध्या तासात गर्दी पांगते.

असो. गेल्या रविवारी आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या मीटिंगमधी मी म्हणलं, यंदा आपल्या फ्लेक्सवर एकाबी नेत्याचा फोटो नको, नुसता देव. सगळे गप्प. मग खजिनदार अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "काय बे, डॉल्बीचे पैसे कोण देतंय, तुझा देव? साहेबांकडनं पंधरा हजार येतात, तेवढे तू दे, तुझा फोटो लावतो." पोरं हसली. मी दोन हजार कबूल केलेत, फोटोशिवाय. अजून कोण देतंय का, कमेंटमधी सांगा.