डीजे प्लेअरची लय मोटर ठरवत नाही

डीजे लोक वापरतात त्या सीडी प्लेअरचे 'गुपित' सांगणारा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर गटागटांतून पुढे ढकलला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: टेंपोची, म्हणजे लय कमी-जास्त करण्याची, पट्टी सरकवली की आतली मोटर जोरात फिरते; वरचे चाक हाताने अडवले की आतली सीडी अडते आणि तिच्यावर चरे पडतात; लय कमी केली की सूर उतरतोच, त्यामुळे मुलांचे कान बिघडतात; लय डगमगू लागल्यास झाकण उघडून लेझरजवळचा बारीक स्क्रू पिळावा; आणि एवीतेवी सगळे काम यंत्रच करते, डीजे नुसता उभा असतो. फोंड्यात मुलांना समूहनृत्य शिकवणाऱ्या माझ्या वहिनींपर्यंत हा संदेश पोहोचला. सरावासाठी गाण्यांची लय उतरवायला त्या ज्या प्लेअरचा उपयोग करत, तो त्यांनी बंद करून ठेवला आणि स्क्रू पिळून घेण्यासाठी ओळखीच्या एका मुलाला बोलावणेही धाडले. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

मोटरचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचा गोंधळ त्यातूनच निघाला आहे. तबकडीच्या टर्नटेबलवर, उदाहरणार्थ टेक्निक्सच्या एसएल-१२०० वर, पट्टी सरकवली की खरोखरच मोटरचा वेग बदलतो आणि सुई तितक्या वेगाने खाचेतून जाते. सीडीचे तसे नाही. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ठरवलेल्या 'रेड बुक' या मानकानुसार सीडीवर संगीत आकड्यांच्या रूपात असते: डाव्या व उजव्या अशा प्रत्येक बाजूसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची क्षणोक्षणी घेतलेली मोजमापे. त्याच मानकानुसार लेझरसमोरून सरकणाऱ्या मार्गाचा वेग सेकंदाला १.२ ते १.४ मीटर असा स्थिर राखायचा असतो. वाचन आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेकडे जात असल्याने हा वेग स्थिर ठेवायचा तर सीडीचे फिरणे सतत मंदावत न्यावे लागते. सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे आणि भरलेल्या सीडीच्या शेवटी जेमतेम २०० च्या आसपास. मोटरच्या फेऱ्यांवर लय अवलंबून असती, तर घरातल्या साध्या प्लेअरवरही शेवटचे गाणे पहिल्याच्या निम्म्याहून कमी लयीत वाजले असते. संदेश लिहिणाऱ्याने एकदा तरी सीडी पूर्ण ऐकली असती, तर हे वाक्य त्याच्या हातून उतरले नसते.

प्रत्यक्षात वाचलेले नमुने आधी प्लेअरच्या मेमरीत साठतात आणि पट्टी ठरवते ती ते नमुने मेमरीतून बाहेर काढण्याची गती. मिनिटाला १२० ठोक्यांचे गाणे सहा टक्के वाढवले की १२७.२ ठोके होतात. यातले अर्धसत्य नाइलाजाने मान्य करतो: नमुने सहा टक्के अधिक वेगाने खर्च होऊ लागले, की वाचनालाही सरासरी तितकाच पुरवठा वाढवावा लागतो. पण तो परिणाम आहे. लय ठरते ती मेमरीच्या तोंडाशी.

आता स्क्रूविषयी, आणि येथे मला राग आवरत नाही. अनेक प्लेअरमध्ये लेझरच्या शेजारी जो बारीक स्क्रू दिसतो, तो लेझरला मिळणारा वीजप्रवाह ठरवतो. लयीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तो वाढवला की काही काळ सीडी नीट वाचली जाते असे वाटते आणि मग लेझर कायमचा जळतो. त्याहून गंभीर बाब अशी की सीडीच्या लेझरचा प्रकाश सुमारे ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त असतो. तो डोळ्याला जवळपास दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि आपण त्याकडे पाहत आहोत हेही कळत नाही. बंद झाकणात हे यंत्र निर्धोक असते. झाकण उघडून ते चालू ठेवा, असा सल्ला लहान मुले वावरणाऱ्या घरांत पाठवणे हा बेजबाबदारपणा आहे. वहिनींना मी हेच सांगितले आणि त्या मुलाला परत पाठवले.

वरचे चाक सीडीला जोडलेले नसते. पायोनियरने २००१ साली आणलेल्या सीडीजे-१००० पासून तबकडीसारखे हाताळता येणारे हे जॉग व्हील रूढ झाले. चाक किती आणि कोणत्या दिशेने फिरले एवढेच त्याखालचे संवेदक मोजतात आणि त्यानुसार मेमरीतले नमुने पुढे किंवा मागे वाचले जातात. पृष्ठभागावर बोट टेकले की वाजणे थांबते, कडेला हलकेच ढकलले की लय क्षणभर पुढेमागे होते. आतल्या सीडीला यातले काहीही कळत नाही. २०२० साली आलेल्या सीडीजे-३००० मध्ये तर सीडी घालायची फटच नाही आणि चाक मात्र तसेच चालते. मग चरे कशावर पडतात?

सुराचा मुद्दा अर्धा खरा आहे. नुसती लय साडेपाच टक्क्यांच्या आसपास उतरवली, तर काळी एकमधले गाणे पांढरी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमवरच्या लगतच्या खालच्या सुरात, येते. मात्र मास्टर टेंपोचे बटण नेमके यासाठीच असते. ते दाबल्यावर यंत्र आवाजाचे बारीक तुकडे करून ते पुन्हा सांधते, त्यामुळे लय बदलते आणि षड्ज जागेवर राहतो. लय फारच ओढली तर तबल्याची थाप फुटल्यासारखी वाटते, हेही खरे. सरावासाठी लागतो तेवढा पाच-दहा टक्क्यांचा बदल मुलांच्या कानांना मुळीच बाधत नाही.

राहिला 'सगळे काम यंत्रच करते' हा मुद्दा. सिंकचे बटण दोन गाण्यांचे ठोके जुळवून देते, हे कोणी नाकारत नाही. पण कोणते गाणे, कोठून आणि कोणत्या क्षणी सुरू करायचे, हे त्या बटणाला ठाऊक नसते. वहिनींचा प्लेअर पुन्हा सुरू झाला आहे. पट्टी उणे आठ टक्क्यांवर आहे आणि मास्टर टेंपोचा दिवा लागलेला आहे.