झुबियनने सूड घेतला नव्हता

गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपांवर आला. मजकूर थोडक्यात असा: पहिल्या महायुद्धात एका जर्मन पाणबुडीने एकाच रात्री झुलू आणि न्युबियन या ब्रिटिशांच्या दोन जुळ्या युद्धनौका बुडवल्या. इंग्रजांनी दोन्हींचे उरलेले अर्धे भाग समुद्रातून वर काढले, दोन्ही एकसारख्या म्हणून ते अलगद जुळले, आणि महिन्याभरात ‘झुबियन’ तयार झाली. जगाच्या इतिहासातला असा हा पहिलाच प्रयोग. पुढे झुबियनने त्याच पाणबुडीला गाठून जलसमाधी दिली. आणि यातली न्युबियन नंतर आपल्या मुंबईच्या गोदीत दुरुस्तीलाही आली होती! शेवटी दंड फुगवलेला इमोजी.

झुबियन खरी आहे, हे आधीच सांगून टाकतो. झुलूची नाळ, म्हणजे पुढचा भाग, आणि न्युबियनची पिछाडी जोडून ती बांधली, नावही दोन्ही नावांचे तुकडे जोडूनच केलं. म्हणजे फॉरवर्डचा कणा शाबूत आहे. त्याच्यावर चढवलेलं मांस मात्र बहुतेक भलत्याच प्राण्याचं आहे.

सुरुवात ‘एका पाणबुडीने एकाच रात्री’पासून करू, कारण बाकीची सगळी कहाणी याच खुंटीवर टांगली आहे.

न्युबियनला पाणबुडीने हातही लावला नव्हता. 26 ऑक्टोबर 1916 च्या रात्री जर्मन टॉर्पेडो बोटींचा मोठा ताफा बेल्जियमच्या किनाऱ्यावरून इंग्लंड-फ्रान्समधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत घुसला. पाण्यावरून चालणाऱ्या, वेगवान, सरळसरळ हल्ला करणाऱ्या बोटी. तिथे ब्रिटिशांनी पाणबुड्या अडवायला जाळी टाकली होती आणि जाळ्यांवर राखणीला ड्रिफ्टर म्हणजे मासेमारीच्या लहान बोटी ठेवल्या होत्या. अंधारात फ्लर्ट नावाच्या जुन्या विनाशिकेला काही बोटी दिसल्या. तिने दिव्याने ओळखीची खूण केली. समोरून तीच खूण परत आली. फ्लर्टला वाटलं, आपलीच माणसं. तिने त्यांना जाऊ दिलं. थोड्याच वेळात ड्रिफ्टर जळायला लागले, फ्लर्ट मदतीला मागे फिरली आणि स्वतःच बुडाली. त्या रात्री अर्धा डझन ड्रिफ्टर गेले, ‘द क्वीन’ नावाचं सैनिकांची ने-आण करणारं जहाज गेलं. नशीब एवढंच, की ते त्या वेळी रिकामं होतं.

डोव्हरहून मदतीला ज्या विनाशिका निघाल्या, त्या एकत्र राहिल्या नाहीत. न्युबियन एकटी पुढे सापडली आणि जर्मन बोटीच्या टॉर्पेडोने तिची नाळ उडवली. ती बुडाली नाही. ओढून नेत असताना दोर तुटला आणि ती साउथ फोरलंडच्या खडूच्या कड्यांखाली किनाऱ्याला लागली. कोणी समुद्राच्या तळातून काही ‘वर काढलं’ नाही. अर्धी नौका किनाऱ्यावर पडलेलीच होती.

झुलूचं प्रकरण निराळंच. ती डंकर्कजवळ पाणसुरुंगावर गेली. मागचा भाग तुटून बुडाला, पुढचा तरंगत राहिला, आणि तो ओढत फ्रान्सच्या कॅले बंदरात नेला. तिच्या तारखेचा घोळ आहे, आणि माझ्या मते ‘एकाच रात्री’चं मूळ तिथेच आहे. काही याद्यांत 27 ऑक्टोबर छापलंय, काहींत 8 नोव्हेंबर. मला 8 नोव्हेंबर पटते, कारण डोव्हरच्या त्या रात्रीच्या हकिगतीत न्युबियन, अ‍ॅमेझॉन आणि मोहॉक या विनाशिकांचं नुकसान सांगितलेलं असतं, झुलूचं नसतं. पण वादासाठी 27 धरली, तरी एक टॉर्पेडो बोटीने मारलेली आणि दुसरी सुरुंगावर गेलेली. एकच मारेकरी कुठून आणायचा?

आता सुडाची गोष्ट. ग्रुपवर सगळ्यात जास्त अंगठे यालाच मिळाले होते.

झुबियनच्या नावावर जी पाणबुडी लिहिली जाते ती यूसी-50. तारीख 4 फेब्रुवारी 1918. यूसी-50 कीलच्या गोदीत 23 नोव्हेंबर 1916 ला पाण्यात उतरली आणि डिसेंबरात जर्मन नौदलात दाखल झाली. म्हणजे न्युबियनची नाळ उडाली आणि झुलू सुरुंगावर गेली, तेव्हा यूसी-50 अजून गोदीत बांधणीच्या घसरपट्टीवरच होती. जन्मालाही न आलेल्याने खून केला, असा हा आरोप आहे. झुलूखालचा सुरुंग यूसी-1 ने पेरल्याचं नोंदींत सांगतात. ती छोटी पाणबुडी 1917 च्या उन्हाळ्यातच नाहीशी झाली, झुबियनचा तिच्याशी संबंध नाही.

एवढंच नाही. यूसी-50 चं श्रेयसुद्धा आता तितकं पक्कं राहिलेलं नाही. युद्धात पाणबुडीवर डेप्थ चार्ज म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब टाकले, वर तेल आलं, की बुडाली अशी नोंद व्हायची. नंतर जर्मन बाजूचे कागद आणि तळातले सांगाडे ताडून पाहिल्यावर अशा बऱ्याच नोंदी ढासळल्या. यूसी-50 जानेवारी 1918 मध्येच बिस्केच्या उपसागराच्या दिशेला बेपत्ता झाली असावी, असं मत अलीकडचे अभ्यासक मांडतात. तसं असेल तर फेब्रुवारीतल्या हल्ल्यात झुबियनने ती बुडवणं शक्यच नाही. म्हणून ‘ब्रिटिश नौदलाने यूसी-50 चं श्रेय झुबियनला दिलं’ एवढं लिहावं. त्यापुढे एक शब्दही नको.

‘जुळ्या होत्या म्हणून अलगद जुळल्या’ हा मला आवडता मुद्दा, कारण खरी गंमत नेमकी याच्या उलट आहे.

या दोघी ‘ट्रायबल’, म्हणजे जमातींची नावं दिलेल्या, वर्गातल्या. ब्रिटिश नौदलप्रमुख लॉर्ड फिशरच्या डोक्यातून आलेली कल्पना: तेलावर चालणाऱ्या, टर्बाइनच्या, 33 नॉट (तासाला 33 सागरी मैल) वेगाच्या विनाशिका. एकूण बारा. नावं अफ्रिदी, गुरखा, माओरी, मोहॉक, झुलू अशी. इंग्रजांनी ज्यांच्याशी लढाया केल्या किंवा ज्यांना फौजेत घेतलं, त्यांची यादीच वाटावी. नौदलाने वेग आणि मोजक्या अटी सांगितल्या, आराखडा मात्र ज्या त्या कारखान्यावर सोडला. त्यामुळे एका वर्गातल्या म्हणवणाऱ्या या बारा जणी चुलत बहिणींइतक्याच सारख्या होत्या. कुणाला तीन धुराडी, तर व्हायकिंगला चक्क सहा. तेल तर अशा प्यायच्या, की अफ्रिदी आणि अ‍ॅमेझॉनने एकदा तीन मैलांवरच्या तेलाच्या डेपोपर्यंत जाऊन येण्यासाठी प्रत्येकी साडेनऊ टन तेल जाळल्याचं सांगतात. पेट्रोल भरायला जाताना टाकी रिकामी करण्यातला प्रकार.

झुलू बांधली टाइन नदीकाठी हॉथॉर्न लेस्लीने, न्युबियन बांधली साउदम्प्टनजवळ वुल्स्टनला थॉर्निक्रॉफ्टने. दोघींच्या रुंदीत साडेतीन इंचांचा फरक होता. घरात पोस्टकार्ड असेल तर बघा, त्याची लहान बाजू साधारण तेवढीच भरते. कागदावर नगण्य वाटतं. पण बोटीची कातडी म्हणजे पोलादी पत्रे, सांगाड्याच्या फासळ्यांवर एकावर एक चढवून रिव्हेटनी, म्हणजे जाड लोखंडी खिळ्यांनी, ठोकलेले. आजच्यासारखं वेल्डिंग करून भेग भरून टाकायची सोय नाही. पुढच्या भागाची कड एका मापाची आणि मागच्याची दुसऱ्या, मग रिव्हेटची भोकं समोरासमोर येणार कशी? वाकडा सांधा राहिला तर तीस नॉटला धावताना लाटेचा मार नेमका तिथेच बसणार. साडेतीन इंचांतला निम्मा फरक एका बाजूला, निम्मा दुसऱ्या बाजूला, असा तो वळणात मुरवावा लागतो. चॅटमच्या सरकारी गोदीतल्या कामगारांनी हे केलं. माझ्या लेखी झुबियनच्या कहाणीत कौतुक करण्यासारखं हेच आहे, आणि फॉरवर्डने नेमकं तेच ‘अलगद’ या एका शब्दात गिळलं.

‘महिन्याभरात’ म्हणाल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबर 1916 मध्ये नौका मोडल्या आणि झुबियन जून 1917 मध्ये सेवेत आली. सात महिने. त्या काळात डोव्हरला विनाशिकांची भयंकर चणचण होती, आणि एकट्या एप्रिल 1917 मध्ये पाणबुड्यांनी साडेआठ लाख टनांच्या वर जहाजं बुडवली होती. न्युबियनच्या पिछाडीत टर्बाइन, शाफ्ट, पंखे होते. बोटीतला सगळ्यात महाग आणि बनवायला सगळ्यात वेळखाऊ भाग तोच. तो किनाऱ्यावर शाबूत पडलेला असताना भंगारात घालणं परवडणारं नव्हतं. जिद्दीबिद्दीपेक्षा हा हिशोब होता, आणि तो बरोबरही होता.

‘जगातला पहिलाच प्रयोग’? कापून जोडण्यापुरतं बोलायचं तर नाही. मार्च 1907 मध्ये व्हाइट स्टार कंपनीचं सुएव्हिक हे प्रवासी जहाज कॉर्नवॉलच्या लिझर्डजवळ खडकावर चढलं. माणसं सगळी वाचली. मग स्फोटकं लावून अडकलेली नाळ तोडली, उरलेलं जहाज साउदम्प्टनला नेलं, बेलफास्टला 212 फुटांची नवी नाळ बांधून समुद्रातून ओढत आणली आणि जोडली. जानेवारी 1908 मध्ये जहाज पुन्हा फेरीवर. फरक एवढा, की तिथे एक भाग नवा होता. दोन जखमी युद्धनौकांची एक करणं ही झुबियनची खासियत, हे मान्य. पण शेवटचीही नव्हे: 1944 मध्ये अमेरिकनांनी मेंजेस या युद्धनौकेला होल्डर या दुसरीची पिछाडी जोडली.

झुबियन एप्रिल 1918 मध्ये बेल्जियममधल्या ऑस्टेंड बंदरावरच्या धाडीत पाठिंब्याला होती. डिसेंबर 1919 मध्ये ती भंगारात विकली गेली. दोन वर्षं आणि काही महिने, एवढंच तिचं आयुष्य.

राहिली मुंबई. जी न्युबियन कापून झुबियनमध्ये गेली आणि 1919 ला मोडीत निघाली, ती ‘नंतर’ दुरुस्तीला कशी येईल, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला सुचलं नसावं. तरी या एका वाक्यावर मी फार चिडत नाही, कारण ते पूर्ण खोटंही नाही. दुसऱ्या महायुद्धाआधी ब्रिटिशांनी नवा ट्रायबल वर्ग काढला, त्यात पुन्हा एक झुलू आणि पुन्हा एक न्युबियन, आणि ही न्युबियनही वुल्स्टनला थॉर्निक्रॉफ्टनेच बांधलेली. 26 मे 1941 ला क्रीटच्या लढाईत जर्मन विमानाच्या बॉम्बने तिची पिछाडी उडाली. पहिलीचं नाक गेलं होतं, हिची शेपूट गेली. तशीच ती स्वतःच्या इंजिनांवर अलेक्झांड्रियाला पोचली. तिची मोठी दुरुस्ती झाली ती मुंबईत, आणि ऑक्टोबर 1942 मध्ये ती बाहेर पडली. त्याच्या एक महिना आधी, 14 सप्टेंबरला, टोब्रुकवरच्या धाडीनंतर दुसरी झुलू विमानहल्ल्यात बुडाली होती.

तेव्हा मुंबईचं वाक्य ठेवायचंच असेल तर ठेवा. फक्त ‘यातली न्युबियन’ खोडा, ‘दुसरी न्युबियन, 1941-42’ असं लिहा, आणि मगच पुढच्या ग्रुपवर टाका.