शुक्रवारी परत आलेल्या कोटेशनबद्दल

नमस्कार. आमच्या ईमेल सेवेला एक तारा देताना आपण लिहिले आहे की, शुक्रवारपासून सोमवारपर्यंत आपल्या वर्कशॉपचे मेल परत येत होते, एका मोठ्या कामाचे कोटेशन मुदतीत पोहोचले नाही आणि फोन केल्यावर ‘आमच्याकडून सगळे व्यवस्थित आहे’ एवढेच उत्तर मिळाले. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत आणि तिसऱ्याची मला सर्वांत जास्त खंत वाटते.

आपले कोटेशन शुक्रवारी दुपारी ४ वाजून ५२ मिनिटांनी आमच्या सर्व्हरवरून निघाले आणि त्याच मिनिटाला समोरच्या सर्व्हरने ५५० हा कोड देऊन ते नाकारले, अशी नोंद लॉगमध्ये आहे. दोष आपल्या मेलचा नव्हताच. ज्या आयपी पत्त्यावरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरील क्रमांकावरून) आपले मेल जातात, त्यावरूनच मेल पाठवणाऱ्या दुसऱ्या एका ग्राहकाचा सोपा पासवर्ड गुरुवारी रात्री कुणाच्या तरी हाती लागला, त्या मेलबॉक्समधून पहाटेपर्यंत स्पॅमचा मारा झाला आणि तो पत्ता स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या एका ब्लॅकलिस्टवर चढला. मेल घेणारा सर्व्हर पाठवणाऱ्याच्या आयपी पत्त्याचे आकडे उलट क्रमाने लावून डीएनएसमार्फत (इंटरनेटवर नावांवरून पत्ते शोधणाऱ्या यंत्रणेमार्फत) अशा यादीकडे चौकशी करतो आणि १२७.०.०.२ यासारखे, म्हणजे ‘पत्ता यादीत आहे’ असे उत्तर आले की, मजकूर न पाहताच मेल दारातून परत पाठवतो. त्या पत्त्यामागे किती प्रामाणिक व्यावसायिक आहेत, हे त्या उत्तरात नसते. सुक्याबरोबर ओलेही जळते, तसे आपल्या बाबतीत झाले.

आमच्या सहकाऱ्याने एसपीएफ आणि डीकेआयएम या मेल पाठवणाऱ्या डोमेनची खातरजमा करणाऱ्या व्यवस्था तपासल्या, स्वतःच्या जीमेलवर चाचणीचा मेल पाठवला, तो पोहोचला आणि त्यावरून त्याने आपल्याला निर्वाळा दिला. परंतु एसपीएफ आणि डीकेआयएमवरून मेल खरोखर आपल्याच डोमेनचा आहे एवढेच सिद्ध होते, आयपी पत्त्याची पत कळत नाही. शिवाय सगळे सर्व्हर एकच यादी पाहत नाहीत. आपण पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये, बाउन्सच्या, म्हणजे मेल परत आल्याच्या सूचनेच्या, शेवटच्या ओळीत, त्या यादीचे नाव स्पष्ट होते. ती ओळ आमच्यापैकी कुणीही रविवार संध्याकाळपर्यंत वाचली नाही, ही आमची चूक आहे.

पैसे भरून पत्ता लगेच काढून घ्यायला हवा होता, या आपल्या मताशी मात्र मी सहमत नाही. काही याद्या तसे शुल्क घेतात. या यादीला ते लागत नाही, पण स्पॅमचे मूळ बंद न करता अर्ज केला तर पत्ता पुन्हा यादीत जातो. म्हणून आधी पासवर्ड बदलला, रांगेत अडकलेला स्पॅम काढला आणि मगच अर्ज केला. सोमवारी दुपारी पत्ता मोकळा झाला.

प्रत्येक मेलबॉक्सला मेल पाठवण्याची ताशी मर्यादा असती तर हे घडलेच नसते. ती आता लावली आहे. आपले खाते कोणतेही जादा शुल्क न घेता स्वतंत्र आयपी पत्त्यावर हलवले आहे. कोटेशन मुदतीत पाठवले गेले होते, असे लॉगच्या प्रतीसह आमच्या लेटरहेडवर लिहिलेले पत्र तयार असून, त्या कंपनीच्या खरेदी विभागाशी मी स्वतः बोलायलाही तयार आहे. तरीही सेवा सोडायची असल्यास सर्व मेलचा बॅकअप आणि उरलेल्या महिन्यांची रक्कम आपल्याला परत मिळेल.