शस्त्रविक्रीला संसद मंजुरी देते? नाही देत

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. चौथ्यांदा तो शेजारच्या काकांनी पाठवला, म्हणून लिहायला बसलो. काका अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेत. आमच्याकडे तिला नुसतं ‘डिफेन्स’ म्हणतात. आयुष्यभर त्यांनी तोफगोळ्याच्या कवचांची मापं तपासली. केसभर फरक पडला तरी गोळा बाजूला काढायचा, अशी सवय असलेला माणूस न तपासता फॉरवर्ड करतो याचं मला जास्त वाईट वाटलं.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: ‘भारत आज ८० देशांना शस्त्रं विकतो. अमेरिकेसारखंच आपल्याकडेही प्रत्येक सौद्याला संसदेची मंजुरी लागते. संसदेची संरक्षण समिती एकेक करार तपासते, कॅग हिशेब बघतं. तरी काही जण कुणाला विकलं म्हणून ओरडतात. माहिती फुटली की ऑर्डर गेलीच समजा. नागपूरकरांनो, अभिमानानं पुढे पाठवा.’

पहिलं वाक्य बरोबर आहे, आणि अभिमानाबद्दल माझं भांडण नाही. २०१३-१४ साली आपली संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती, २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. अमरावती रोडनं निघालं की आधी डिफेन्स लागतं आणि पुढे बाजारगाव, जिथल्या खासगी कारखान्यात पिनाकाची रॉकेटं बनतात. या एका रस्त्यावर कितीतरी घरांच्या चुली चालतात. पण पहिल्या वाक्यानंतर मेसेज घसरतो तो घसरतोच.

‘अमेरिकेसारखंच मंजुरी लागते.’ अमेरिकेतच लागत नाही, इथपासून सुरुवात करावी लागेल. माझ्या क्लासमधली एमपीएससीची पोरंसुद्धा हे दरवर्षी चुकतात. १९७६चा तिथला शस्त्र निर्यात नियंत्रण कायदा सांगतो की ठरावीक रकमेच्या वरचा सौदा करायच्या आधी राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कळवायचं. नाटोतले देश, जपान, इस्रायल असे जवळचे असतील तर १५ दिवस आधी, बाकीच्यांसाठी ३० दिवस आधी. तेवढ्या दिवसांत काँग्रेस गप्प बसली तर सौदा पुढे जातो. म्हणजे होकार मागायचाच नाही. नकार द्यायचा असेल तर काँग्रेसनं धावपळ करायची.

आणि नकार देणंही सोपं राहिलेलं नाही, त्यामागं एक गंमत आहे. पूर्वी दोन्ही सभागृहांनी ठराव केला की सौदा थांबायचा, राष्ट्राध्यक्षांच्या सहीची गरज नव्हती. मग केनियात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या जगदीश राय चढ्ढा नावाच्या विद्यार्थ्याला देशाबाहेर काढण्याचं प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८३ साली न्यायालयानं सांगितलं की राष्ट्राध्यक्षांकडे न पाठवता नुसत्या ठरावानं सरकारचा निर्णय मोडायचा हा प्रकारच घटनाबाह्य आहे. शस्त्रांचा त्या खटल्याशी काडीचा संबंध नव्हता, पण शस्त्रविक्री रोखायची काँग्रेसची जुनी वाट त्यानं बंद झाली. आता काँग्रेसनं ठराव करायचा, राष्ट्राध्यक्षांनी तो नाकारायचा, आणि मग दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं जमवायची. थोडक्यात, ज्याला अडवायचं त्याच्याच टेबलावर अडवणारा कागद जातो.

‘काँग्रेस नाही म्हणाली की राष्ट्राध्यक्षही हतबल’ असं त्याच मेसेजच्या एका लांबट आवृत्तीत आहे. १९८६ साली सौदी अरेबियाला क्षेपणास्त्रं विकायला दोन्ही सभागृहांनी भक्कम बहुमतानं विरोध केला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ठराव नाकारला. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, तो नकार उलटवायला ६७ मतं हवी होती, पडली ६६. एका मतानं सौदा तरला. २०१९ साली ट्रम्प सरकारनं आणीबाणीचं कलम पुढे करून सौदी, अमिरात आणि जॉर्डनचे २२ सौदे, एकूण सुमारे ८१० कोटी डॉलरचे, थांबायची मुदतच ओलांडून पुढे रेटले. काँग्रेसनं तीन ठराव केले, ट्रम्प यांनी तिन्ही नाकारले, सिनेटला ते नकार उलटवता आले नाहीत. या ठरावांच्या मार्गानं एकही सौदा आजवर कायमचा थांबलेला नाही.

मग तिथली काँग्रेस नुसती शोभेची आहे का? असं म्हणणाराही चुकतो. १९८६चा सौदा एका मतानं वाचला खरा, पण वाचवण्यासाठी रेगन यांना त्यातली खांद्यावरून डागायची स्टिंगर क्षेपणास्त्रं आधीच वगळावी लागली होती. आणि खरा जोर कायद्यात लिहिलेल्या ३० दिवसांत नसतोच, तो त्याच्याही आधी असतो. अधिकृत सूचना पाठवण्यापूर्वी सरकार दोन्ही सभागृहांच्या परराष्ट्र समित्यांच्या प्रमुखांना खासगीत विचारतं, आणि त्यातला एक जण जरी ‘थांबा’ म्हणाला तरी सरकार सहसा थांबतं. हा रिवाज आहे, कलम नाही.

याचा अनुभव आपण स्वतः घेतला आहे. आपल्याला ३१ एमक्यू-९बी ड्रोन हवे होते. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे तेव्हाचे अध्यक्ष बेन कार्डिन यांनी कित्येक महिने हात आखडता घेतला. न्यूयॉर्कमधल्या एका खलिस्तानवाद्याच्या खुनाचा कट रचल्याचा जो आरोप होता त्याचा नीट तपास होईल, असं बायडेन सरकारनं सांगितल्यावरच ते सरकले. त्यानंतर, १ फेब्रुवारी २०२४ रोजी, काँग्रेसला सूचना गेली. त्या सूचनेत काय होतं ते बघा: ३१ विमानं, १७० हेलफायर क्षेपणास्त्रं, ३१० लेझरवर चालणारे छोटे बॉम्ब, अंदाजे कमाल किंमत ३९९ कोटी डॉलर. ही सूचना सरकारी संकेतस्थळावर टाकलेली, कुणीही वाचावी अशी. आपण काय घेतोय याची सविस्तर यादी नागपुरात बसून मला पहिल्यांदा वाचायला मिळाली ती अमेरिकेनं स्वतःच्या काँग्रेससाठी केलेल्या कागदात. हे वाक्य मी काकांना दोनदा ऐकवलं.

आता घरचं. ‘आपल्याकडेही प्रत्येक सौद्याला संसदेची मंजुरी लागते.’ नाही. आपल्याकडे मंजुरीही लागत नाही आणि पूर्वसूचनाही नाही. १९९२चा विदेशी व्यापार (विकास आणि नियमन) कायदा संसदेनं केला, त्याखालचे नियम संसदेच्या पटलावर ठेवले जातात. इथे संसदेचं काम संपतं. त्या कायद्याच्या आधारानं ‘स्कोमेट’ नावाची नियंत्रित वस्तूंची यादी आहे आणि तिचा सहावा विभाग युद्धसामग्रीचा. या विभागातली वस्तू बाहेर पाठवायची तर परवाना देतो तो संरक्षण मंत्रालयाचा संरक्षण उत्पादन विभाग. माल घेणारा कोण, शेवटी वापरणार कोण, याचं प्रमाणपत्र मागतात, इतर खात्यांचं मत घेतात आणि निर्णय होतो. फाइल मंत्रालयांतच फिरते, संसद भवनात जात नाही. फिलिपिन्सला ब्रह्मोस विकायचा करार जानेवारी २०२२ मध्ये झाला, एप्रिल २०२४ मध्ये पहिला माल पोहोचला. मधल्या सव्वादोन वर्षांत लोकसभेत त्यावर मतदान झालं नाही, आणि व्हावं असं कुठल्या कायद्यात लिहिलेलंही नाही.

ही तपासणी न्यायालयाकडून होईल म्हणावं तर तेही नाही. इस्रायलला शस्त्रं पाठवायचे परवाने रद्द करा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ९ सप्टेंबर २०२४ रोजी ती फेटाळताना न्यायालयानं परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत आहे, असंच सांगितलं. माझ्या मते ते घटनेला धरून झालं. पण मग सरकारला विचारणारं एकच घर उरतं, संसद.

(ग्रुपवर एकानं ‘हिवाळी अधिवेशनात आमदारांना घेरा’ असंही लिहिलं होतं. शस्त्रं आणि दारूगोळा हे केंद्राच्या सूचीतले विषय. सिव्हिल लाइन्समधल्या विधान भवनात त्याचा निकाल लागत नाही, मोर्चा कितीही मोठा न्या.)

‘संरक्षण समिती एकेक करार तपासते.’ ही समिती आहे, चांगली आहे. ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, विधेयकं, वार्षिक अहवाल यांची ती छाननी करते. पण खात्याच्या दैनंदिन कारभारात समित्यांनी शिरायचं नाही, असं नियमांतच आहे, आणि एखादा निर्यात परवाना हा त्या हिशेबानं दैनंदिन कारभारच ठरतो. शिफारशी बंधनकारक नसतात. विक्रीबाबत समितीसमोर येतात ते वर्षाचे एकूण आकडे.

आपल्या संसदेचा सगळा अनुभव खरेदीचा आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. मार्च १९८६ मध्ये ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला, पुढच्या वर्षी स्वीडिश रेडिओनं लाचखोरीची बातमी फोडली, संयुक्त संसदीय समिती बसली, सरकारं हलली. ‘घेताना कुणी खाल्लं’ हा प्रश्न आपण झोपेतही विचारू. ‘विकलेलं कुणाच्या हाती गेलं’ हा प्रश्न विचारायची वेळच आली नव्हती, कारण विकायला काही विशेष नव्हतं. आता आहे. गंमत म्हणजे त्याच स्वीडनमध्ये पक्षांच्या प्रतिनिधींची एक सल्लागार परिषद आहे आणि महत्त्वाच्या निर्यातीआधी तिचं मत घेतात, बंद दाराआड.

‘कॅग हिशेब बघतं.’ अर्धं खरं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. अंबाझरीचा कारखाना यंत्र इंडियात गेला. या कंपन्यांचं लेखापरीक्षण कॅग करू शकतं. पण २०२४-२५च्या २३,६२२ कोटींपैकी १५,२३३ कोटींची निर्यात खासगी कंपन्यांची आहे. परवाना देणाऱ्या खात्याचं दप्तर कॅग उघडू शकेल, विकणाऱ्या खासगी कंपनीचं नाही. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश विक्रीत हिशेब बघणारा दाराशीच थांबतो. तोही मुख्यतः पैशाचा हिशेब. माल कुठे गेला हा त्याचा मुख्य विषय नाही.

शेवटचा मुद्दा, माहिती फुटली की ऑर्डर जाते हा, काकांना सगळ्यात पटलेला. संध्याकाळी गच्चीवर त्यांनी मला झापलंच. ‘तुमच्या या चौकश्यांनी गिऱ्हाईक पळालं तर पोट्ट्यांनी काय करायचं? तू देशील का काम? तुले सांगतो, धंद्यात तोंड बंद ठेवा लागते.’

हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. काही देशांना खरंच आपलं नाव बाहेर यायला नको असतं, शेजाऱ्याशी वाकडं असतं. संसदेत प्रश्न आला की सरकारही एकूण रक्कम सांगतं आणि देशांची नावं ‘सामरिक कारणांमुळे’ सांगता येत नाहीत असं उत्तर देतं. पण ऑर्डर जाते हे मात्र दाखवा. सौद्यांच्या याद्या संकेतस्थळावर टाकणारी अमेरिकाच जगातली सर्वात मोठी विक्रेती आहे. सिप्री या स्टॉकहोमच्या संस्थेच्या हिशेबानं २०२०-२४ या काळात जगातल्या शस्त्रनिर्यातीत तिचा वाटा ४३ टक्के होता. तिची सूचना वाचून आपणही गिऱ्हाईक म्हणून पळालो नाही, ऑक्टोबर २०२४ मध्ये ड्रोनच्या करारावर सही केली.

शिवाय झाकलेल्या मालाचं नाव बाहेर येतंच, फक्त आपल्या तोंडून येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सनं बातमी दिली की युरोपातल्या ग्राहकांना विकलेले भारतीय तोफगोळे पुढे युक्रेनला पोहोचले. परराष्ट्र मंत्रालयानं ती बातमी तर्कावर आधारलेली आणि दिशाभूल करणारी ठरवली. खरं काय हे मी कुठून सांगणार? मुद्दा असा की बंद खोलीत का होईना, पाच-दहा खासदारांनी प्रमाणपत्रं बघितली असती तर सरकारच्या बाजूनं बोलायला चार माणसं तरी असती. माझं मागणं मंजुरीचं नाहीच. संसदेनं प्रत्येक रॉकेटवर मतदान करावं, असं म्हणणारा वेडा. मोठ्या सौद्याआधी समितीला कळवा, हवं तर गुप्तपणे, एवढंच.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आमच्याकडे गोळा गेटच्या बाहेर जायचा तेव्हा कुठल्या लॉटचा, कुणी पास केला, सगळं कागदावर राहायचं. नंतर बोंब झाली की माणूस सापडायचा.’ आणि थोड्या वेळानं, ‘खासदाराकडून प्रश्न टाकायचा तर किती शब्द लागतात बे?’

दीडशेच्या आत असावा, म्हटलं, आणि १५ दिवस आधी सूचना. त्यांनी चष्मा लावला, चहाच्या पुडीचा कागद उलटा केला आणि मी सांगत गेलो तसं लिहीत गेले. देशाचं नाव विचारायचं नाही, म्हणजे ‘सामरिक’ म्हणायला जागा नको. गेल्या तीन वर्षांत युद्धसामग्रीचे किती निर्यात परवाने दिले? किती नाकारले? अंतिम वापराची किती प्रमाणपत्रं माल पोहोचल्यावर प्रत्यक्ष पडताळली, आणि ती कुणी पडताळली? शेवटच्या ‘कुणी’खाली काकांनी दोन रेघा मारल्या.