घोणशीची पिल्लं आईचं पोट फाडत नाहीत, तो फॉरवर्ड आता पुरे

पाऊस लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात, एक अळंब्यांचे फोटो आणि दुसरा घोणशीचा तो फॉरवर्ड. यंदा काकांनी टाकला, गेल्या वर्षी मावशीनं टाकलेला. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सगळे साप अंडी घालतात पण घोणशीची अंडी पोटातच फुटतात, मग पिल्लं आईचं पोट आतून खातात, फाडून बाहेर येतात आणि आई जागीच मरते. विंचवाचंही तसंच, पिल्लं आईला पाठीवरून कुरतडून संपवतात. जे विषारी तेच पिल्लं घालतात. आणि घोणशीचं पिल्लू आईपेक्षा दहापट विषारी. खाली "आईची किंमत ओळखा" आणि जोडलेले हात. सोबतचा फोटो अजगराचा, वेटोळ्याभोवती फुटक्या अंड्यांची टरफलं पडलेली. म्हणजे पोटात अंडी फुटतात हे सांगायला बाहेर फुटलेल्या अंड्यांचा फोटो, आणि हे इतक्या जणांनी पुढे ढकललं तरी कुणाच्या डोळ्याला खुपलं नाही!

आता एकेक बघू. अंडी पोटात फुटतात हे बऱ्यापैकी बरोबर आहे, तेवढं काकांना देऊन टाकतो. फक्त "फुटतात" म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर कोंबडीचं अंडं येतं, तसलं टणक कवच तिथे नसतंच, पातळ पारदर्शक पापुद्रा असतो, आत पिल्लू आणि त्याच्या शिदोरीचा बलक. पिल्लू वाढतं मुख्यतः त्या बलकावर, आई पाणी आणि प्राणवायू पुरवते, आणि ऊन शेकत पडून पोटातली ऊब सांभाळते. सहाएक महिने हे चालतं. मराठी पुस्तकांत याला अंडजरायुज म्हणतात, हल्ली बरेच अभ्यासक सरळ जरायुजच, म्हणजे पिल्लं घालणारे, म्हणतात कारण आई आणि पिल्लाच्या मध्ये थोडीफार देवाणघेवाण होते असं पुष्कळ सापांत दिसलंय. यात शाप कसला? बाहेर घातलेली अंडी मुंगसाच्या, घोरपडीच्या, मुंग्यांच्या हवाली, आणि पोटातली अंडी आई बरोबर घेऊन फिरते, पाणी चढलं की वर सरकते. उलट भार तिच्यावरच, एवढं जड पोट घेऊन महिनोन्महिने सरपटायचं म्हणजे काय चेष्टा नाही.

पोट फाडण्याचं मात्र साफ खोटं. हे मी वाचून नाही, बघून सांगतोय. माझा मावसभाऊ गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात साप पकडून वनखात्याकडे देतो. दोन वर्षांमागे जूनमध्ये शेजाऱ्यांच्या कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, सोडणांच्या (नारळाच्या सालांच्या) राशीत घोणस निघाली, जाडजूड, कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसत होती. रात्र झालेली, धो धो पाऊस, म्हणून भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये ठेवली, सकाळी नेऊ म्हणून. सकाळी झाकण किंचित सरकवून टॉर्च मारला तर खाली सगळं वळवळतंय. वीतभर पिल्लं, पाठीवर आईसारखेच साखळीचे ठिपके, काही मोकळी तर काही अजून त्या पापुद्र्यात गुंडाळलेली, ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यासारखी. एक आमच्यासमोर तोंडानं पापुद्रा ढकलून बाहेर आलं आणि आल्या आल्या जीभ काढून बघायला लागलं. भावानं लांब चिमट्यानं बाजूला करत मोजली, 31 भरली. घोणशीला 20 ते 40 पिल्लं ही काही नवलाची गोष्ट नाही. आणि आई? पोट सपाट, कातडी सैल, पण अंगावर एक ओरखडा नाही, झाकण सरकताच परत शिट्टी सुरू. पिल्लं शेपटीजवळच्या त्याच वाटेनं येतात जिथून अंडी घालणाऱ्या सापाची अंडी येतात, तिला फाडायची गरजच नाही. मादी पुढच्या वर्षांतही पुन्हा विते.

आणि साधा विचार करा ना, साप कधी लचका तोडून खातो का? सापाचे दात भक्ष्य धरायला, कापायला नाहीत, म्हणून तर तो अख्खा उंदीर गिळतो. आईचं पोट आतून कुरतडायचं तर वीतभर पिल्लाकडे हत्यार कुठलं?

मग ही गोष्ट आली कुठून? माझा अंदाज असा की काठीनं. आपल्याकडे घोणस दिसली की दहा जण जमतात आणि ठेचतात, जूनजुलैत मादी भरलेली असते, पोट फुटतं आणि आतून जिवंत पिल्लं सरपटत निघतात. फाडलं आपण, नाव पिल्लांचं. तसा हा समज आपलाच नाही, अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं हेच लिहून ठेवलंय, वर मादी नराची मान तोडते आणि पिल्लं बापाचा सूड घेतात असा मसालाही घातलाय. म्हणजे काकांचा फॉरवर्ड तसा जुनाच.

विंचवाचं लवकर आटपतो. विंचू खरोखरच पिल्लं घालतो, अंडी नाही, आणि पिल्लं जन्मताच आईच्या पाठीवर चढून बसतात. पण ती तेव्हा पांढरी, मऊ, नांगी कामाची नाही, काही खातही नाहीत, अंगात उरलेल्या बलकावर राहतात. पहिली कात टाकली की एकेक उतरून चालायला लागतात. उलट उपाशी किंवा बिथरलेली आई कधी स्वतःचीच पिल्लं खाते, त्याचा फॉरवर्ड कुणी करत नाही कारण त्याखाली हात जोडता येत नाहीत.

"जे विषारी तेच पिल्लं घालतात" याला आपले चार मुख्य विषारी सापच पुरे. नाग आणि मण्यार अंडी घालतात, घोणस आणि फुरसं पिल्लं घालतात, फिफ्टी-फिफ्टी. नागराजाची (किंग कोब्राची) मादी तर पाल्याचं घरटं करून अंडी राखत बसते. आणि मांडूळ, बिनविषारी, गरीब जनावर, ते पिल्लं घालतं. फुरशाच्याच आफ्रिकेतल्या भाऊबंदांत अंडी घालणारे आहेत. पाली, सरडे, साप मिळून ही पिल्लं घालण्याची तऱ्हा शंभरहून जास्त वेळा स्वतंत्रपणे उपजलीय, तिचा विषाशी काही संबंध नाही.

सापाचं नाव काढलं की अंगावर काटा येत असेल तर म्हापशाच्या मासळी बाजारात जा. लहान मोरी, म्हणजे शार्क मासा, कापताना पोटातून पिल्लं निघतात हे कोळणीला विचारा, ती हसेल तुम्हाला. त्यातली चपट्या नाकाची जी छोटी मोरी असते तिच्या पिल्लांना तर चक्क नाळ असते, आपल्यासारखी. देवमोरी, म्हणजे व्हेल शार्क, हिच्या पोटात मात्र अंडी फुटतात, 1995 साली तैवानमध्ये सापडलेल्या एका मादीत 300 पिल्लं होती, काही अजून कोषात, काही मोकळी. आणि बांबू शार्क सरळ अंडी घालते. एकाच खानदानात तिन्ही तऱ्हा. पोटात खाण्याचीच गोष्ट हवी असेल तर तीही आहे, सँड टायगर नावाच्या मोरीची पिल्लं गर्भाशयातच एकमेकांना खातात, पण भावंडांना, आईला नाही. आमच्या घरी मोरीचं आंबटतिक (आंबट-तिखट कालवण) खाताना हे सांगितलं तर ताट सोडून उठले सगळे.

राहिलं दहापट विष. पिल्लू जन्मल्यापासून विषारी असतं हे खरं, ड्रममधली ती 31 चिमट्यानं का हाताळली मग. पण इवल्याशा डोक्यात इवलीशी विषग्रंथी, मोठ्या घोणशीच्या एका दंशात जेवढं विष उतरू शकतं तेवढं पिल्लाकडे नसतंच. पण बारकं आहे म्हणून सोडून द्यायचं असंही नाही. जूनजुलैत सोडणं, लाकडं उचलताना हात घालण्याआधी काठीनं हलवून बघा, आणि वीतभर पिल्लू चावलं तरी बांधाबांध, चिरणं, मांत्रिक काही न करता 108 ला फोन लावा, हातपाय न हलवता हॉस्पिटल गाठा. आईच्या दंशाला लागतं तेच प्रतिविष पिल्लाच्या दंशालाही लागतं.