मणक्याची शस्त्रक्रिया आणि ‘दुखणे अंगावर काढा’ हा सल्ला

कमरेच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेविषयीचा एक संदेश मोबाइलवर फिरतो आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी मी भूलतज्ज्ञ म्हणून रुग्णाला तपासायला जातो, तेव्हा कोणीतरी नातेवाईक तो मला हमखास दाखवतात. मजकूर थोडक्यात असा: ‘मणक्याच्या ऑपरेशनने पाय जातात. पाठीत भुलीची सुई घेतली की जन्मभर कंबर दुखते. ऑपरेशननंतर पेनकिलर घेऊ नका, जखम भरत नाही आणि दुखणे झाकले जाते. मॉर्फिनने व्यसन लागते. दुखणे अंगावर काढा आणि तीन महिने फळीवर पडून राहा.’ यातल्या जवळजवळ प्रत्येक विधानात सत्याचा एखादा कण आहे. म्हणूनच ते लोकांना पटते, आणि म्हणूनच त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

पहिले विधान पाय जाण्याचे. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली नसांचा जुडगा असतो. दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकण्याचे बहुतेक प्रकार त्याच्याही बरेच खाली, चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या मध्ये किंवा पाचव्या मणक्याच्या खाली घडतात. तेथील शस्त्रक्रियेत एखाद्या नसेला इजा होऊन पावलात कमजोरी येणे शक्य आहे, आणि संमतिपत्रावर सही घेताना ते सांगितलेच पाहिजे. परंतु दोन्ही पाय कायमचे लुळे पडणे ही या जागी अत्यंत विरळ गोष्ट आहे. मान किंवा छातीच्या पातळीवर मज्जारज्जूच समोर असल्याने तेथील जोखीम वेगळी असते. संदेश लिहिणाऱ्याने हे सगळे एकाच पोत्यात भरले आहे.

शस्त्रक्रिया टाळता येते का, हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि रुग्णाने तो विचारावाच. पाठदुखी नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा २०१५ साली एकत्रित अभ्यास झाला, तेव्हा विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के व्यक्तींमध्ये गादी फुगलेली आढळली होती. केवळ अहवालातील ‘गादी सरकली’ या शब्दांवरून कोणाला टेबलावर घेता येत नाही. नेदरलँड्समधील २००७ च्या एका चाचणीत तीव्र सायटिकाच्या (नस दाबली जाऊन कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या) २८३ रुग्णांपैकी काहींची शस्त्रक्रिया लवकर केली गेली आणि काहींना आधी थांबवले गेले. थांबवलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना पहिल्या वर्षात शस्त्रक्रिया करावी लागली, आणि वर्षअखेरीस दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्ण बरे वाटत असल्याचे सांगत होते. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचा पाय लवकर दुखायचा थांबला, एवढाच ठळक फरक होता. पायातील ताकद कमी होत नसेल, तर काही आठवडे वाट पाहणे सुरक्षित आहे, असे त्यातून दिसते. शस्त्रक्रिया घातक आहे, असे दिसत नाही.

पाठीतील सुईविषयी थोडक्यात सांगता येईल. मणक्याच्या पुष्कळ शस्त्रक्रिया रुग्णाला पालथे झोपवून पूर्ण भुलीखाली होतात, त्यामुळे अनेकांच्या बाबतीत ही सुई येतच नाही. येते तेव्हा ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते आणि मज्जारज्जू संपतो त्याच्या खालून घातली जाते. जर्मनीतील कील येथे शल्यचिकित्सक आउगुस्ट बीअर यांनी १८९८ साली ही पद्धत वापरली, स्वतःवरही तिचा प्रयोग करून घेतला आणि नंतर त्यांना काही दिवस तीव्र डोकेदुखी झाली. तो दुष्परिणाम आजही माहीत आहे. बारीक सुयांमुळे तो आता साधारण शंभरात एखाद्याला होतो आणि त्यावर उपचार आहेत. सुई टोचलेली जागा दोन-चार दिवस हुळहुळते. सिझेरियननंतर वर्षानुवर्षे टिकणाऱ्या कंबरदुखीचे खापर या सुईवर फुटते खरे, पण बाळंतपणानंतरची कंबरदुखी सुई न घेतलेल्या स्त्रियांमध्येही तितकीच सर्रास दिसते.

या संदेशातील सर्वांत हानिकारक वाक्य वेदनाशामकांचे आहे, आणि त्यावर मला अधिक बोलायचे आहे. शस्त्रक्रियेनंतर ज्याला खूप दुखते तो माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही आणि कूस बदलत नाही. फुप्फुसांचे तळ आक्रसतात, कफ साचतो, न्यूमोनियाचा धोका वाढतो. पाय हलत नसल्याने शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होऊ शकतात. नाडी आणि रक्तदाब चढे राहिल्याने हृदयविकार असलेल्यांना त्रास होतो. वृद्ध रुग्णाला रात्री भ्रम होतो. सुरुवातीची तीव्र वेदना आवरली गेली नाही, तर महिनोन्‌महिने टिकणाऱ्या दुखण्याची शक्यताही वाढते. ‘थोडे सहन होते आहे’ असे राऊंडच्या वेळी सांगणारे आणि सिस्टरांनी कुशीवर वळायला सांगताच दात-ओठ खाणारे कितीतरी रुग्ण मी पाहिले आहेत. बहुतेकदा ते घरातले कर्ते पुरुष असतात, किंवा कोणाला त्रास नको म्हणून गप्प राहणाऱ्या आजी. म्हणून मी पडून असताना किती दुखते एवढे विचारून थांबत नाही. वळताना आणि उठताना शून्य ते दहापैकी किती, हेही विचारतो.

जखम भरण्याबद्दलच्या भीतीचा उगम कुठे आहे, तेही पाहू. मणके स्क्रूने जोडण्याच्या शस्त्रक्रियेत डायक्लोफिनॅक किंवा केटोरोलॅकसारखी सूज उतरवणारी वेदनाशामक औषधे जास्त मात्रेत आणि दीर्घकाळ दिल्यास हाड जुळण्यात अडथळा येतो, अशी शंका आहे. ती औषधे मूत्रपिंड आणि जठर यांनाही जाचतात, म्हणून केटोरोलॅक पाच दिवसांपलीकडे दिले जात नाही. पॅरासिटामॉलला मात्र हा आक्षेप लागू होत नाही. सुदृढ प्रौढाला दर सहा तासांनी १ ग्रॅम, चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या आत, आणि यकृताचा आजार किंवा वजन कमी असल्यास त्याहून कमी, या हिशेबाने ते दिल्यास इतर औषधांची गरजच घटते. शस्त्रक्रियेच्या वेळी टाक्यांच्या कडेला बधिर करणारे औषध भरणे, स्नायूंच्या थरात ब्लॉक देणे (म्हणजे तिथल्या नसा इंजेक्शनने तात्पुरत्या बधिर करणे), ही साधनेही हाताशी आहेत. थोडे-थोडे अनेक मार्गांनी द्यायचे, म्हणजे कोणत्याच एका औषधाचा भार वाढत नाही, हे आमच्या कामाचे साधे तत्त्व आहे.

‘दुखणे झाकले जाते’ या आक्षेपालाही उत्तर आहे. नसेला इजा झाली आहे का, हे आम्ही रुग्णाच्या किंकाळीवरून ठरवत नाही. अंगठा वर उचलता येतो का, तळव्याला स्पर्श कळतो का, लघवी होते का, यावरून ठरवतो. वेदनेने कळवळणारा माणूस ही तपासणी नीट करू देत नाही. उलट नियमित औषध चालू असूनही वेदना वाढतच गेली, तर आत रक्त साचले असावे हा संशय आम्हाला तत्काळ घेता येतो.

मॉर्फिनची भीती अमेरिकेतील बातम्यांमधून आली आहे आणि तेथील आपत्ती खरी आहे. महिनोन्‌महिने लिहून दिलेल्या गोळ्यांनी असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त केली. रुग्णालयात देखरेखीखाली दोन-तीन दिवस दिलेले मॉर्फिन ही वेगळी गोष्ट आहे. त्याचे खरे धोके म्हणजे मळमळ, बद्धकोष्ठता, खाज आणि मात्रा जास्त झाल्यास श्वास मंदावणे. त्यासाठी श्वासावर नजर ठेवली जाते आणि उतारा म्हणून नॅलोक्सोन हाताशी असते. बटण दाबून स्वतः औषध घेण्याचा पंप लावला असेल, तर ते बटण फक्त रुग्णाने दाबायचे असते. झोपलेल्या वडिलांसाठी मायेने बटण दाबणारा मुलगा त्यांना धोक्यात घालतो, कारण गुंगीत गेलेला माणूस आपोआप बटण दाबायचा थांबतो, हीच त्या पंपाची सुरक्षा आहे. आपल्याकडे तर अनेक वर्षे उलटाच प्रश्न होता: १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जाचामुळे कित्येक रुग्णालये मॉर्फिन ठेवतच नसत, आणि ते सुलभ व्हावे म्हणून २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. घरी जाताना ट्रॅमाडॉल हे मॉर्फिनच्या गटातले सौम्य वेदनाशामक दिले असेल, तर ते ठरलेल्या दिवशी बंद करावे आणि दुकानातून परत आणू नये. व्यसनाची काळजी तिथे घ्यायची असते.

फळीवर तीन महिने पडून राहण्याचा सल्ला ऐकला की मला मनापासून वाईट वाटते. साध्या गादीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे केले जाते. वाकणे, जड उचलणे आणि कंबरेतून पीळ देणे काही आठवडे टाळायचे असते, चालणे नव्हे. फिजिओथेरपिस्ट येण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक गोळी दिली, तर पहिली पावले टाकता येतात.

संदेशात न सांगितलेली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. कंबरदुखीच्या कोणत्याही रुग्णाला, शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, लघवी अडली, मांड्यांच्या आतील बाजूला आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, किंवा दोन्ही पायांतील ताकद अचानक कमी झाली, तर खालच्या नसांचा जुडगाच दाबला गेलेला असू शकतो, आणि तेव्हा तासांचा हिशेब असतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता, एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया या दोन्हींची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच रात्री पोहोचावे.