साप पाळायचाय आणि बायको नाही म्हणतेय? मग हे वाचाच

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, की बायको नाही म्हणतेय म्हणजे ती घाबरतेय. दुसरं काही कारण असूच शकत नाही. ती जागा म्हणेल, वीज म्हणेल, फ्रीज म्हणेल, वीस-पंचवीस वर्षं कोण करणार म्हणेल, तर ही सगळी त्या भीतीवर घातलेली पांघरुणं आहेत असं समजायचं आणि एकेक ओढत बसायचं. मी ठाण्यात घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर, टू बीएचकेत, गेलं दीड वर्ष हेच करतोय. अनुभवाचे बोल आहेत, फुकट मिळतायत तोवर घ्या.

विषय काढायला मुहूर्त बघा. मी नागपंचमीला काढला होता. हिशोब असा, की त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, गॅसवर तवा ठेवायचा नाही, म्हणजे घरातल्या बायका निवांत असणार. (पुरणाचे दिंड वाफवावे लागतात हे लक्षात नव्हतं. म्हणजे खाताना दरवर्षी असतं.) पाटावर गंधाने नागोबा काढलेला, पुढे दूध-लाह्या, आई हात जोडून उभी, आणि मी म्हटलं की आपण यंदा खराखुराच आणूया का. आईने डोळे न उघडता विचारलं, कसला खराखुरा? मग मी समजावलं की साप दूध पीत नाही, त्याला ते पचतही नाही, गारुडी त्याला दिवसेंदिवस तहानलेला ठेवतात म्हणून तो नाइलाजाने तोंड लावतो. आई म्हणाली, बरं, मग तुझ्या त्या सापाला लागतं काय? उंदीर, मी म्हटलं. जिवंत? नाही गं आई, फ्रोझन मिळतात.

त्यावर दोघींनी एकाच वेळी फ्रीजकडे बघितलं.

आता फ्रीजरचा मुद्दा हा खरंच नाजूक आहे, त्याला घाईने हात घालू नका. आमच्या फ्रीजरमध्ये डावीकडे मोदकांसाठी खवून ठेवलेलं खोबरं, उजवीकडे सोललेली कोळंबी, आणि मध्ये आइस्क्रीमचा एक फॅमिली पॅक, ज्यात अर्थातच मटार. मराठी घरात आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम सापडल्याची नोंद नाही, त्यामुळे अजून एका डब्यात अजून काही ठेवलं तर कुणाला कळणार, असा माझा युक्तिवाद होता. बायको शांतपणे म्हणाली, "मला कळेल. मटार मी काढते." यावर तुम्ही म्हणायचं की मोठा बॉल पायथन (म्हणजे मला हवाय तो साप) दहा-पंधरा दिवसांतून एकदाच खातो, आणि कधी कधी तर मनात आलं की महिनोन्महिने खातच नाही, तब्येत ठणठणीत असताना. मी आईला म्हटलं की बघ, तुझ्या चातुर्मासापेक्षा कडक. आई तेव्हापासून माझ्याशी या विषयावर बोलत नाही. पण विरोधही करत नाही, म्हणजे ते मत माझ्याच बाजूचं धरायला हरकत नाही.

बॉल पायथनच का, असं कुणीतरी विचारेलच. आम्ही येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो, पावसाळ्यात साप आपल्या पायाने (म्हणजे समजून घ्या) सोसायटीत येतात, तर विकत कशाला आणायचा, हा विचार मलाही आला होता. तो मनातून काढून टाका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडचा नाग, धामण, अजगर, मांडूळ, काहीही पकडून घरात ठेवणं गुन्हा आहे, तुरुंगवासाची तरतूद आहे. मांडूळ घरात असलं की पैसा येतो म्हणतात ना, त्याच्यावर अजून लोक विश्वास ठेवून पिशवीत मांडूळ घेऊन गिऱ्हाईक शोधत फिरतात, आणि पैशाच्या आधी पोलीस येतात.

बॉल पायथन पडला पश्चिम आफ्रिकेचा. आपला नव्हे, बिनविषारी, पाच फुटांच्या पुढे सहसा जात नाही, घाबरला की चावण्याऐवजी डोकं आत घेऊन स्वतःचा चेंडू करतो म्हणून नाव बॉल. घरात काही अंगावर आलं की मीही साधारण हेच करतो, त्यामुळे पहिल्यापासून आपलेपणा वाटला. फक्त तो साइट्सच्या (वन्य प्राण्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, म्हणजे खरेदीचे कागद लागतात आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश नावाच्या सरकारी पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते, मालक बदलला तर कळवायचं, मेला तर कळवायचं. विकणारा "पेपर नंतर करून देतो सर" म्हणाला तर तिथूनच मागे फिरा. हे सगळं मी उत्साहाने वाचून दाखवलं तर बायको म्हणाली, "आपलं लग्न रजिस्टर करायला तुला चार वर्षं लागली. ते पण माझा पासपोर्ट अडला तेव्हा." हे विषयांतर आहे. अशा विषयांतरांना उत्तर देऊ नका.

त्यापेक्षा तिच्या ज्ञानात भर घाला. मागच्या जुलैमध्ये अशी संधी आली होती. सोसायटीच्या मागच्या बाजूला पंप रूमपाशी हातभर लांबीचं एक पिल्लू निघालं, जाडसर, तपकिरी, अंगावर ठिपके. वॉचमन काठी आणायला धावला, पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून "नाग आहे, नाग आहे" करत होत्या, खाली आठ-दहा माणसं साप साप म्हणून भुई धोपटायच्या तयारीत, आणि मी एकटा शांत. दीड वर्ष व्हिडिओ बघितलेत, उगाच नाही. मी जाहीर केलं की हे अजगराचं पिल्लू आहे, बिनविषारी, कुणी मारू नका, मी उचलतो. खाली वाकलो पण. तेवढ्यात त्याने कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जो आवाज येतो ना, तसला लांबलचक आवाज काढला, एवढ्याशा अंगातून एवढी हवा कुठून येते कळेना, आणि मागून बायकोने माझी कॉलर धरली.

"मागे हो. घोणस आहे."

मी म्हटलं अगं ठिपके बघ. ती म्हणाली तेच बघतेय, पाठीवर साखळीसारखे तीन रांगांत आहेत, एकाला एक लागून, अजगराचे असे नसतात, गोधडीला ठिगळं लावल्यासारखे वेडेवाकडे असतात. मग तिने सगळ्यांना दहा-बारा फूट लांब उभं केलं, वॉचमनच्या हातातली काठी काढून घेतली, त्याला म्हणाली तुम्ही फक्त नजर ठेवा, कुठे सरकतंय तेवढं सांगा, आणि वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन लावला. पाऊण तासाने सर्पमित्र आला, त्याने हुकने उचलून बरणीत घातलं आणि जाताना मलाच म्हणाला, "साहेब, वहिनींनी बरोबर ओळखलं. पिल्लू असलं तरी विषारीच." आपल्याकडे सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा घोणसचाच, हे त्याने मला लिफ्टची वाट बघता बघता सांगितलं.

बायकोचं माहेर संगमेश्वरकडचं. तिकडे फुरशी इतकी, की चुलीसाठी लाकडं काढताना आधी काठीने रास हलवायची आणि मग हात घालायचा हे पोरांना शाळेच्या आधी शिकवतात. तिच्या एका चुलत काकांना पेंढ्यात फुरसं चावलं होतं, वाचले, बोट गेलं. तर सांगायचा मुद्दा काय, घाबरते ती. घाबरत नसती तर मागे हो म्हणाली असती का?

दुसरी एक टिप, साप किती प्रेमळ असतो वगैरे सांगायच्या भानगडीत पडू नका, ती वाचून बसलेली असते. साप माणसाला डूख धरत नाही, तेवढी त्याची स्मरणशक्तीच नाही, आणि त्याच कारणाने तुम्ही ऑफिसातून आलात म्हणून तो आनंदाने दारात येणार नाही. त्याला बाहेरचे कान नाहीत, पापण्या नाहीत, झोपलाय की जागा आहे हे बघून सांगता येत नाही, दिवसातला बहुतेक वेळ एका जागी पडून असतो आणि हललाच तर जेवणासाठी. बायको म्हणाली, "असा एक आहे आपल्याकडे." मला वाटलं ती होकाराच्या दिशेने सरकतेय.

आयुष्याचा विषय तर अजिबात काढू नका, माझ्याकडून ती चूक झाली. हे साप पाळीव म्हणून वीस ते तीस वर्षं सहज जगतात. आमचं होम लोन अजून सतरा वर्षं आहे, म्हणजे शेवटचा हप्ता भरला तरी साप असणार. मी तिला इम्प्रेस करायला अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयातला किस्सा सांगितला, तिथे १९६१ मध्ये आलेल्या एका बॉल पायथन मादीने २०२० मध्ये, वयाच्या साठीच्या पुढे, अंडी घातली, आणि तीही कित्येक वर्षं नराचं तोंड न बघता. बायकोचा चेहरा खुलला. कधी नव्हे ते तिने दोन-तीन प्रश्न विचारले. नंतर मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "नवरा लागतच नाही गं, सायन्स आहे."

बाकी किरकोळ हरकती येतील. सापाला टाकीच्या एका टोकाला ३२ डिग्री आणि दुसऱ्या टोकाला २६ लागतं, म्हणजे त्याला जिथे बरं वाटेल तिथे तो सरकतो, आणि हीटिंग मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावली तर पोट भाजतं. यावर "सापाच्या ३२ साठी चोवीस तास वीज जाळणार आणि मी मे महिन्यात एसी २४ केला की रिमोट लपवणार" असं ऐकावं लागतं. गावाला गेल्यावर कोण बघणार, हाही एक प्रश्न. शेजारचे काका तुळशीला पाणी घालायला किल्ली घेतात, पण त्यांना अजून पूर्ण प्रस्ताव सांगितलेला नाही. तुळशीवरून आठवलं, मागच्या उन्हाळ्यात आई आणि बायको आठ दिवस संगमेश्वरला गेल्या होत्या आणि तुळस माझ्याकडे होती. नवीन तुळस छान वाढतेय.

आता तुमची चिकाटी असेल तर एक दिवस समोरून ऑफर येते. माझ्याकडे दिवाळीनंतर आली. बायकोने ड्राय बाल्कनीतून आमची जुनी काचेची टाकी काढली (मधे माझा माशांचा काळ येऊन गेला, ट्रेडमिलच्या नंतर आणि गिटारच्या आधी) आणि म्हणाली, नव्वद दिवस. साप नाही, फक्त टाकी. मॅट लाव, थर्मोस्टॅट लाव, रोज दोन्ही बाजूंचं तापमान लिही, आर्द्रता लिही, वाटीतलं पाणी बदल. नव्वद दिवस जमलं तर मी स्वतः तुझ्याबरोबर घ्यायला येते, कागद मी भरते. सापाला चार फुटी टाकी लागते, ही तीन फुटी आहे, पण नसलेल्या सापाला पुरेल.

मला हसू आलं. रिकाम्या टाकीची काळजी घ्यायला काय लागतं?

शंभर पानी वही आणली, रेघा मारल्या. पहिल्या पानावर माझं अक्षर बघा, सुंदर आहे. ३२.१, २६.४, आर्द्रता ५८, पाणी बदलले, सही. तिसऱ्या दिवशी दशांश गेले. पाचव्या दिवशी "ठीक". सहाव्या आणि सातव्या दिवशी वरच्यासारखंच अशा दोन टिंबांच्या खुणा. आठव्या दिवशी ऑफिसची पार्टी होती. नवव्या दिवसाची ओळ कोरी आहे, पण मॅट मात्र चालूच राहिली होती, कारण बंद करायचीही आठवण राहिली नाही.

दहाव्या दिवसापासून नोंदी परत सुरू होतात, आईच्या अक्षरात. डिसेंबरच्या थंडीत तिचं दही लागत नव्हतं, एके रात्री तिने पातेलं नेऊन टाकीत ठेवलं, हॉट साइडला, आणि सकाळी सुरीने कापावं असं घट्ट. तेव्हापासून वही चुकलेली नाही. "विरजण ७:४५. ३२. घट्ट." "विरजण ८:१०. ३२. जरा आंबट, उद्या लवकर काढणे." पाण्याची वाटीही रोज बदलते, का ते मी विचारलं नाही. बायकोने शेजारी एक रकाना वाढवून इडलीचं पीठ किती वर आलं ते बोटांच्या मापात लिहायला घेतलंय. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनाही वाटीभर विरजण गेलं.

परवा दोघी म्हणत होत्या की एवढ्या टाकीत एका वेळी दोन पातेली मावत नाहीत, चार फुटी टाकी आणि अजून एक मॅट घेऊया. मी अजून हो म्हटलेलं नाही. म्हटलं जागेचा विचार करा, विजेचा विचार करा, हे काही दोन दिवसांचं नसतं, उद्या उत्साह संपला की रोज करणार कोण?